राजाबाई टॉवर नेमका कुणाच्या पैशाचा?

गेल्या डिसेंबरात आम्ही पाचसहा जण ओव्हल मैदानाच्या कडेनं चालत होतो. कॉलेजचे जुने मित्र, त्यातला एकजण परदेशातनं आला की फोर्टात एक चक्कर मारायची आणि शेवटी इराण्याकडं जाऊन बसायचं हे ठरलेलं आहे, आणि राजाबाई टॉवरसमोर आलो की दरवर्षीचं भांडण परत सुरू होतं हेही ठरलेलंच आहे. एक म्हणतो, प्रेमचंद रायचंद म्हणजे काय माणूस, आईच्या नावानं एवढा टॉवर दिला, लायब्ररी दिली, आज कोण देतं सांगा. दुसरा म्हणतो, कसला दानशूर, सट्टेबाज होता, अख्खी मुंबई बुडवली त्यानं, आणि मग आवाज थोडा खाली आणून, ही दलाल मंडळी सगळी तसलीच, बाहेरनं आली आणि शहर लुटून बसली. मग पहिला त्याला कोत्या मनाचा म्हणतो, दुसरा पहिल्याला शेठजींचा चमचा म्हणतो, तेवढ्यात वर टोले पडतात आणि सगळे चहाला जातात. यंदा मी पण तोंड घातलं आणि नेहमीप्रमाणं कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दानशूर का लुटारू हा प्रश्न विचारला की आपण गृहीत धरतो की एका पारड्यात दान आहे, दुसऱ्यात लूट आहे, आपण फक्त काटा कुठं झुकतो ते बघायचं. १८६४ च्या, म्हणजे प्रेमचंदच्या काळातल्या मुंबईत अशी दोन पारडी नव्हतीच. दान हा त्या धंद्याचाच एक भाग होता. ज्या पैशातून देणगी गेली तो पैसा उधारीवर उभा होता, आणि देणगी दिल्यामुळं आणखी उधारी मिळत होती. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे, पत. माणसाची पत म्हणजे त्याची अब्रू, आणि पत म्हणजेच त्याला कर्ज किती मिळेल ते, म्हणून तर पतपेढी, पतसंस्था. अब्रू आणि उधारी एकाच शब्दात बसवणाऱ्या भाषेतल्या लोकांना तरी हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

आमच्या नानांचं उदाहरण देतो. नाना एसटीतनं रिटायर झाले, हातात फंडाचे पैसे आले. तालुक्याच्या गावी एक पतसंस्था होती, नाव घेत नाही, तिच्या चेअरमननं गावच्या विठ्ठल मंदिराला मोठा सभामंडप बांधून दिला होता, खांबावर काळ्या दगडात वडिलांच्या स्मरणार्थ म्हणून पाटी. घरात सगळे नानांना म्हणत होते पोस्टात ठेवा, पण नानांचं एकच, अरे जो माणूस देवाला पाच लाख देतो तो माझे दीड लाख खाईल होय? दीड लाख ठेवले, व्याज दोन वर्षं वेळच्या वेळी आलं, मग एक दिवस शटर खाली. नानांनी बॅलन्स शीट बघितली नव्हती, त्यांनी मंडप बघितला होता. चेअरमन मंडप बांधताना मनातनं भक्त होता का लबाड होता हा प्रश्न नंतर गावात लोकांनी फार चघळला, पण त्यानं काय फरक पडतो? मंडपानं आपलं काम केलं होतं.

आता प्रेमचंदकडं येऊ. जन्म १८३१ चा, सुरतेचा, जैन घर, लहानपणीच मुंबईत आला. एका दलालाच्या हाताखाली सुरुवात केली, आणि देशी शेअर दलालांत इंग्रजी लिहितावाचता येणारा पहिला माणूस अशी त्याची ख्याती होती. हे आज ऐकायला किरकोळ वाटतं. पण बँकेचे साहेब एका बाजूला, कापसाचे व्यापारी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांशी दुभाष्याशिवाय बोलणारा माणूस एकच, तर सगळ्या बातम्या त्याच्याच खिशातनं जाणार. दलालीत बातमी हाच माल असतो. त्याची माणसं म्हणे मचवे घेऊन भर समुद्रात डाकेच्या बोटीला गाठायची आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव बाजाराआधी त्याच्या कानावर घालायची. ही गोष्ट थोडी तिखटमीठ लावून सांगितली जात असेल, पण तारेनं लंडन जोडलं जायच्या आधीच्या मुंबईत तिच्यात अशक्य काही नाही.

एप्रिल १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, मग जगात कापूस उरला कुठं, तर इजिप्तमधे थोडा आणि आपल्याकडं. भाव तीन-चार पटीनं चढले. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला असं त्या काळच्या नोंदींत आहे. खराब माल, ओला माल, दगडमाती घातलेला माल इतका जायला लागला की १८६३ मधे सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध कायदाच करावा लागला. नेहमीच्या भावापेक्षा वरचा म्हणून जो पैसा त्या चारपाच वर्षांत मुंबईत आला तो ८ कोटी १० लाख पौंडांच्या घरात धरतात. एवढा पैसा एकदम आला आणि घालायला जागा नाही, मग काय होणार? जानेवारी १८६५ पर्यंत शहरात ३१ बँका, १६ फायनान्शियल असोसिएशन आणि ८ लँड कंपन्या होत्या. फायनान्शियल असोसिएशन म्हणजे काय करतात हे त्यातल्या शेअरहोल्डरनाही धड सांगता आलं नसतं. मुख्य काम, दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घेणं आणि शेअरवर पैसे देणं.

सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन कंपनी. समुद्र भरून जमीन काढायची, आज ऐकतो तेच. ५ हजार भरलेला शेअर ५० हजारावर गेला, आणि अजून समुद्रात टोपलीभर मातीसुद्धा नीट पडली नव्हती. नव्या कंपनीचे शेअर कुणाच्या वाट्याला किती यायचे यात प्रेमचंदचा शब्द चालायचा. १८६० च्या आसपास मुंबईत शेअर दलाल होते साठेक, दोनतीन वर्षांत ते दोनअडीचशे झाले, आणि सगळ्यांच्या वर हा. तिशी नुकतीच ओलांडलेला माणूस.

पण सगळी चावी बँक ऑफ बॉम्बेत होती आणि आमच्या टॉवरखालच्या भांडणात तिचं नाव कधीच निघत नाही. ही बँक १८४० ची, निम्मी सरकारी म्हणा, सरकारचे शेअर होते, सरकारनं नेमलेले डायरेक्टर बोर्डावर बसायचे, लोकांना ती सरकारचीच बँक वाटायची. जुन्या सनदेत शेअर तारण ठेवून कर्ज द्यायला मनाई होती. १८६३ मधे नवा कायदा झाला, त्यात ही मनाई उठली, आणि त्याच सुमाराला भांडवल वाढवून २ कोटी ९ लाखांवर नेलं. म्हणजे ऐन पूर यायच्या वेळेला धरणाची दारं काढून ठेवली. पुढं काय झालं ते एका कागदावर करून बघता येतं. समजा माझ्याकडं एक शेअर आहे, भाव हजार. बँक त्यावर सातशे देते. त्या सातशेत मी आणखी शेअर घेतो, माझ्यासारखे शंभर जण घेतात, भाव होतो दीड हजार. आता माझं जुनं तारणच मोठं झालं, बँक आणखी देते, मी आणखी घेतो, भाव आणखी वर. बँकेच्या वहीत सगळं सुरक्षित दिसतंय कारण तारण कर्जापेक्षा मोठं आहे, पण तारण मोठं झालंय तेच मुळात बँकेच्या पैशानं. साप स्वतःची शेपूट खातोय आणि वजन वाढलं म्हणून खूष आहे. आणि हे तरी शेअर ठेवून झालं, बरीच कर्जं नुसत्या सहीवर गेली. सेक्रेटरी होता जेम्स ब्लेअर, त्याच्यावर प्रेमचंदचं वजन इतकं की प्रेमचंदनं नाव सुचवलं की त्या माणसाला कर्ज मिळायचं. तारण काय? तर शेठजींचा शब्द. शब्दाला किंमत कशामुळं? तर पत आहे म्हणून.

आता तारखा बघा. ऑगस्ट १८६४, प्रेमचंद मुंबई युनिव्हर्सिटीला लायब्ररीसाठी २ लाख रुपये देतो. ऑक्टोबर १८६४, आणखी २ लाख, टॉवरसाठी, आईचं, राजाबाईंचं नाव द्या म्हणून. म्हणजे तेजी अगदी टिपेला असताना, बँकेचा पैसा नळासारखा वाहत असताना. त्या काळात युनिव्हर्सिटीला २ लाख देणारा माणूस म्हणजे उद्या त्याची हुंडी परत येईल अशी शंका तरी कुणाच्या मनात येणार? मी असं म्हणत नाही की तो आरशासमोर उभा राहून ठरवत होता की चला, जरा पत वाढवून घेऊ. आईवर जीव असेल, शिक्षणाचं महत्त्व कळत असेल, स्वतः शिकल्यामुळंच वर आला होता. पण हेतू सोन्यासारखा असला तरी हिशोब तोच राहतो. ज्या दिवशी त्यानं ते ४ लाख दिले त्या दिवशी त्याची देणी फेडून हातात किती उरले असते? नऊ महिन्यांत उत्तर मिळालं.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं खाली ठेवली, युद्ध संपल्यात जमा झालं. बातमी यायला काही आठवडे लागले, आली आणि कापूस कोसळला, कापसामागं शेअर. लोकांनी वायदे करून ठेवले होते, १ जुलैला शेअर घेणार, तेव्हा पैसे देणार, या आशेवर की तोपर्यंत भाव आणखी चढलेला असेल आणि मधला फरक खिशात पडेल. १ जुलै आला. देणारे माल घेऊन उभे, घेणारे गायब. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २८५० ला गेला होता तो ८७ ला विकावा लागला. बॅक बेचा पन्नास हजारी शेअर दोन हजाराच्या खाली. पुढच्या वर्षी प्रेमचंद स्वतः बुडाला. बँकेचं बहुतेक सगळं भांडवल गेलं आणि १८६८ च्या सुरुवातीला तिला टाळं लागलं. १८६४ च्या मोजणीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, १८७२ मधे ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसं कमी. ही काय शेअरबाजारात खेळणारी माणसं होती? हमाल, गवंडी, गाडीवान, तेजीच्या कामावर आलेली आणि काम संपल्यावर निघून गेलेली.

आणि टॉवरचं बांधकाम सुरू झालं १८६९ मधे. देणारा दिवाळखोर झालेला, त्याला कर्ज देणारी बँक लिक्विडेशनमधे, आणि युनिव्हर्सिटीकडं पैसे मात्र शाबूत, कारण तिनं ते वेळेत घेऊन ठेवले होते. १८७८ ला टॉवर पूर्ण झाला. मला या टॉवरचं हेच सगळ्यात भारी वाटतं, त्या तेजीतनं वेळेवर पैसे काढून घेतलेला तो एकमेव शहाणा असावा.

आता पहिल्या मित्राची बाजू, कारण त्याचे पॉइंट फेकून देण्यासारखे नाहीत. त्याचा सगळ्यात जोरदार मुद्दा, प्रेमचंद पळाला नाही. आजच्या लोकांसारखा रातोरात लंडनला गेला नाही. मुंबईतच राहिला, परत धंदा उभा केला, त्यानंतर चाळीस वर्षं जगला, १९०६ ला गेला, आणि १८७५ मधे देशी दलालांनी एकत्र येऊन असोसिएशन काढली, जिचा पुढं मुंबई शेअर बाजार झाला, तेव्हा त्या मंडळीत तो मानाचाच माणूस होता. मान्य, पूर्ण मान्य. तोंड दाखवत त्याच गल्लीत परत उभं राहायला छाती लागते. पण यात एक गोष्ट आपण नजरेआड करतो. त्याला परत उभं राहता आलं कारण त्याची पत पूर्ण गेलीच नव्हती, आणि ती का गेली नव्हती, तर दानामुळं उभं राहिलेलं नाव शिल्लक होतं. कलकत्ता युनिव्हर्सिटीला दिलेली २ लाखाची देणगी, जिच्यातनं प्रेमचंद रायचंद स्कॉलरशिप निघाली, जी पुढं आशुतोष मुखर्जींसारख्या माणसाला मिळाली, ती देणगी कधीची आहे? १८६६ ची. म्हणजे मुंबई कोसळल्यानंतरची. बँकेचे पैसे बुडत असताना २ लाख कलकत्त्याला. ज्यांना यात फक्त मोठं मन दिसतं त्यांना मी एवढंच विचारतो, त्या २ लाखांवर पहिला हक्क कुणाचा होता? घरच्या वाण्याची उधारी थकलेली असताना पंगत घालणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? तोंडावर दानशूर म्हणतो, कबूल आहे. पाठीमागं काय म्हणतो ते वाण्याला विचारा.

त्याचा दुसरा मुद्दा, सगळेच त्यात होते, एकट्याला का धरता. हेही खरंच आहे. बुडालेल्यांत पारशी होते, भाटिये होते, गुजराती वाणी होते, इंग्रज साहेब होते. टाटांचं घरसुद्धा त्यात सापडलं. तरुण जमशेटजी लंडनला बँक काढायच्या कामाला गेलेला आणि बरोबर नेलेले शेअरचे कागद तिथं पोचेपर्यंत रद्दी झालेले. त्यानं घेणेकऱ्यांसमोर जाऊन आहे ते सांगितलं आणि त्यांनी त्यालाच हिशोब मिटवायला बसवलं अशी गोष्ट आहे. गव्हर्नर बार्टल फ्रिअर साहेबांच्या राजवटीत किल्ल्याचा तट पाडून नवी मुंबई आखली जात होती, सगळ्या शहराला वाटत होतं आता हे असंच चालणार. पण सगळे होते म्हणजे सगळे सारखे होते का? पुरात सगळे भिजतात, पण पाटाचं दार कुणाच्या हातात होतं हा प्रश्न उरतोच. कापडाच्या दुकानातल्या गुमास्त्यानं बायकोच्या पाटल्या विकून शेअर घेतला आणि प्रेमचंदनं बँकेच्या सेक्रेटरीला चिठ्ठी पाठवली, या दोन गोष्टींना एकच नाव कसं देणार?

म्हणजे मी दुसऱ्या मित्राच्या बाजूचा? अजिबात नाही. उलट त्याच्या मांडणीनं जास्त नुकसान होतं असं माझं मत आहे. एका माणसाला खलनायक केला, त्यातून त्याची जात, त्याचा प्रांत काढला, की बाकीचे सगळे आरामात घरी जातात. १८६८ मधे सर चार्ल्स जॅक्सनच्या अध्यक्षतेखाली कमिशन बसलं, बँक कशानं बुडाली हे शोधायला. त्यांनी काय म्हटलं? १८६३ चा कायदा, ज्यानं नको त्या तारणावर कर्ज द्यायची मुभा दिली. सेक्रेटऱ्यांनी केलेला त्या मुभेचा गैरवापर. डायरेक्टरांची बेफिकिरी आणि नालायकी. आणि काळच तसा अपवादात्मक होता हेही. यादी बघा, सगळ्यात वर एका दलालाचं नाव नाही, कायदा आहे. साहेबाच्याच कमिशननं साहेबाच्याच बोर्डाला नालायक म्हटलं, आणि दीडशे वर्षांनंतर आमचा मित्र म्हणतो की सुरतेहून आलेल्या एका माणसानं लुटलं. बोर्डावरचे ते डायरेक्टर कुठल्या प्रांतातनं आले होते?

याच सुमाराला लंडनमधे काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. मे १८६६ ला ओव्हरएंड गर्नी नावाची बडी पेढी बुडाली, तिच्यामागं कितीतरी बँका गेल्या, त्याचा फटका मुंबईतही बसला. तिच्या डायरेक्टरांवर खटला चालला आणि १८६९ मधे सगळे सुटले. त्याच्या दीडशे वर्षं आधी, १७२० मधे साउथ सी कंपनीचा फुगा फुटला तेव्हा तिथल्याच पार्लमेंटनं डायरेक्टरांच्या इस्टेटी जप्त करून टाकल्या होत्या. म्हणजे डायरेक्टरला हात लावता येत नाही असा काही निसर्गनियम नाही, लावायचा ठरवला तर लागतो. ठरवायचं नसलं की मग एक दलाल पुरतो.

आपल्याकडं १९९२ ला हेच झालं. एप्रिलमधे बातमी फुटली, स्टेट बँकेचे ५०० कोटींच्या आसपास पैसे हर्षद मेहताकडं अडकलेत. सरकारी रोख्यांच्या व्यवहारातला बँकांचा पैसा शेअरबाजारात फिरत होता, भाव चढत होते, भाव चढले की माणूस मोठा, माणूस मोठा की आणखी पैसा. हर्षदचा चेहरा, त्याची गाडी, त्याचं वरळीचं घर सगळ्यांना पाठ आहे. त्या वेळी त्या बँकांत रोख्यांच्या टेबलावर कोण बसलं होतं, एक तरी नाव सांगा. नाही सांगता येणार, मलाही चटकन सांगता येत नाही. आणि गंमत बघा, बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक काढली, ती १९२१ मधे इंपीरियल बँकेत गेली, आणि इंपीरियल बँकेची १९५५ मधे स्टेट बँक झाली. म्हणजे १८६५ ला दलालाच्या शब्दावर पैसे देणारी ती आणि १९९२ ला देणारी ही, एकाच घराण्यातल्या. पणजीनं ज्या विहिरीत उडी मारली तिथंच पणती पाणी काढायला गेली.

राहिला पहिल्या मित्राचा शेवटचा पॉइंट, जो तो चहाचा दुसरा कप आला की काढतो. म्हणतो, अरे पण शहराला मिळालं ना? रस्ते झाले, इमारती झाल्या, भरणी पुढं का होईना झाली, थोडे लोक बुडाले पण मुंबई घडली. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यात तथ्य आहे आणि मी स्वतः त्याच मुंबईत पगार घेतो. पण थोडे लोक बुडाले म्हणताना आपण फक्त फोर्टातले लोक मोजतो. कापूस फोर्टात पिकत नव्हता. तेजीच्या वर्षांत खानदेश, वऱ्हाड, धारवाडपासून पार दख्खनपर्यंत सावकारानं हात सैल सोडला, कारण जमिनीला भाव होता, पिकाला भाव होता, शेतकऱ्याची पण पत वाढली होती. हो, तोच शब्द. १८६५ नंतर भाव पडले, सावकारानं हात आखडला, आणि सरकारनं काय केलं, तर १८६७ पासून पुणे जिल्ह्यात शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू केली, इंदापूरपासून, तेजीतले भाव डोळ्यापुढं ठेवून सारा वाढवला. उत्पन्न खाली, सारा वर, कर्ज मिळेना, जुनं कर्ज व्याजासकट दारात. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं फोडली आणि पहिल्यांदा हात कशाला घातला? चोपड्यांना. रोखे, गहाणखतं, वह्या बाहेर ओढून पेटवल्या. सुपं म्हणजे काही खानदेश-वऱ्हाड नाही हे मला माहितीय, आणि दख्खनच्या दंग्याला कापसाची तेजी हे एकच कारण होतं असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण त्यानंतर बसलेल्या कमिशननं सुद्धा तेजीतली सैल उधारी आणि नंतरची टंचाई हा धागा धरला होता.

आणि फरक बघा. प्रेमचंद बुडाला तेव्हा मुंबईच्या दिवाळखोरांसाठी १८६५ मधे खास कायदा झाला होता, देणी मिटवून मोकळं होण्याची सोय होती. सुप्याच्या कुणब्यासाठी कायदा यायला १८७९ उजाडलं, तेही आधी चोपड्या जाळाव्या लागल्या, जेलमधे जावं लागलं, मग. फोर्टात बुडला तर दिवाळं, गावात बुडला तर दंगेखोर. टॉवरचा हिशोब करायचाच असला तर हीही रक्कम त्यात धरा, नाहीतर शहराला मिळालं असं म्हणू नका, कुणाचं मिळालं ते सांगा.

एवढं सगळं इराण्याकडं सांगून झाल्यावर परदेशातल्या मित्रानं विचारलं, मग तुझं म्हणणं काय, टॉवरचं नाव बदलायचं? आजकाल प्रत्येक गोष्ट शेवटी नाव बदलण्यावर येते. मी म्हटलं नाव कशाला बदलायचं, राजाबाईनं काय केलंय. फक्त खाली पाटी लावताना शेठजींच्या देणगीतून एवढं लिहून थांबू नये. बँक ऑफ बॉम्बेच्या शेअरहोल्डरांचं नाव टाका, १ जुलैला फुटलेल्या गुमास्त्यांचं टाका, जागा उरली तर सुप्याचं टाका. तो म्हणाला, एवढी मोठी पाटी कोण वाचणार, आणि बिल मागवलं.

नानांना मी हाच प्रश्न मागं एकदा विचारला होता. पतसंस्थेवर प्रशासक येऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, दीड लाखातले वीस हजार परत मिळाले होते. गावातली पोरं तावातावानं म्हणत होती की चेअरमनच्या बापाची पाटी मंडपातनं उखडून टाकायची. नाना दर एकादशीला त्याच खांबाला टेकून भजनाला बसतात. म्हटलं नाना, तुम्ही सांगा, काढायची का पाटी? नानांनी टाळ खाली ठेवले, पाटीकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "राहू दे की. माझं एक लाख तीस हजार हायती तिच्यात, काढून कुठं ठेवणार?"